तसबिरीमागची चावी

पोलीस गाडीतली रायफल नाहीशी झाली ती सकाळ विसरू म्हटलं तरी मला विसरता येत नाही. इतकी वर्षं ती मी घरात कुणाला सांगितली नव्हती. मागच्या रविवारी परदेशातल्या नातवानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, “आजी, आमच्याकडे पोलिसांच्या गाडीत पुढच्या दोन सीटच्या मध्ये मोठी बंदूक कुलपात उभी असते. तुझ्या जीपमध्ये कुठे असायची? आणि चावी कुणाकडे?”

“पुढच्या सीटच्या मागे, रॅकमध्ये. चावी हवालदाराकडे,” मी सांगितलं.

ते नोंदवहीतलं उत्तर होतं. कॉल संपल्यावर मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसले आहे. त्याच्यासाठी, त्याच्या बहिणीसाठी आणि आणखी कुणी वाचलं तर त्यांच्यासाठीही. यातली काही माणसं हयात आहेत, काही नाहीत. नाव कुणाचंच घालणार नाही.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी आंब्याचा हंगाम आणि निवडणूक एकत्र आली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्याव्या लागतात. आमच्याकडे त्या बहुतेक बागायतदारांच्या असतात, वांदर हाकलायला दिलेल्या, ठासणीच्या. ऐन फळाच्या दिवसांत माणसाची बंदूक काढून घ्यायची, म्हणजे शिव्या खायच्याच. आम्ही त्या खाल्ल्या, पावत्या दिल्या आणि बंदुका कुलपात ठेवल्या. काही जणांनी पिकासाठी सूट मिळावी म्हणून अर्ज केले. ते वर गेले आणि वरच राहिले.

आता गाडीतल्या रॅकबद्दल. पुढच्या सीटच्या पाठीमागे एक लोखंडी चौकट होती. तिच्यात रायफल अडकवायची आणि वरून कडी लावायची. कडीचं मूळ कुलूप विजेवर चालणारं होतं. चालकाच्या पायाजवळ लपवलेलं बटण दाबल्याशिवाय ते उघडत नसे. सोय चांगली होती, पण ती खाऱ्या वाऱ्याला धरून केलेली नव्हती. एका पावसाळ्यात कुलूप गंजून बसलं. मी जिल्ह्याच्या मोटार विभागाला पत्र लिहिलं. मग दोन स्मरणपत्रं. तोपर्यंत कडीला साधं पितळी कुलूप लावायची परवानगी दिली आणि लेखी आदेश काढला: एक चावी गस्तीवरच्या हवालदाराच्या अंगावर, दुसरी ठाणे अंमलदाराच्या पेटीत.

आदेश महिनाभर पाळला गेला. मग एका हवालदाराची चावी घरी राहिली आणि अर्धा दिवस रायफल निघेना. गस्तीवरची माणसं रोज बदलायची. चावी एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात, आणि रोज त्यावरून कटकट. शेवटी कुणीतरी तोडगा काढला. गाडीच्या डॅशबोर्डवर ग्रामदेवाची लहानशी तसबीर चिकटवलेली होती. चावी तिच्यामागे सरकवून ठेवायची. देवामागे हात घालायची कुणाची छाती होणार? ठाण्यात त्याला शब्दच पडला, “चावी देवाक ठेयली.”

हे मला ठाऊक होतं. एकदा मी गाडीत बसलेली असताना चालकानं माझ्यादेखत ती तिथून काढली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास गस्तीची गाडी किनाऱ्याच्या रस्त्यानं दक्षिणेकडे चालली होती. गाडीत दोघेच, एक हवालदार आणि एक चालक. हवालदाराची एकतीस वर्षांची नोकरी झालेली, वर्षभरात निवृत्त व्हायचा. सेवापुस्तकात एकही डाग नव्हता, आणि तो तसं दिवसातून एकदा तरी सांगायचा. वाटेत मासळीच्या लिलावावर दोन गटांत मारामारी जुंपली. दोघेही उतरून धावले. गर्दीत रायफल घेऊन गेलं की लोक बिथरतात म्हणून हवालदारानं ती रॅकमध्येच ठेवली. गाडीपाशी एकानं थांबायला हवं होतं, ते कुणी थांबलं नाही. गाडीचा डावा दरवाजा लॉक होत नव्हता.

वीस मिनिटांनी दोघे परतले. रॅककडे कुणी पाहिलं नाही. साडेदहाला पुढच्या गावात मतदान केंद्राची पाहणी करायची होती. हवालदारानं रायफल घ्यायला मागे वळून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं आणि चावी तसबिरीमागेच होती. रॅक मात्र रिकामा.

मी अकरा वाजता तिथं पोचले. वरिष्ठांना आधीच कळवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कुलूप फोडलेलं नाही, चावी जागेवर आहे. म्हणजे आतलंच माणूस. संध्याकाळी सहापर्यंत रायफल मिळाली नाही तर हवालदारावर गुन्हा नोंदवा आणि निलंबनाचा प्रस्ताव पाठवा.”

रायफलीला मॅगझिन लावलेलं होतं आणि ते भरलेलं होतं. सहा वाजेपर्यंत ती कुणाच्या हातात आहे हे आम्हाला ठाऊक नसणार होतं. मला त्याची जास्त भीती वाटत होती.

पहिली खबर साडेअकराला फोनवर आली. लिलावाच्या वेळी गोव्याच्या नंबरची मोटारसायकल जीपजवळ उभी होती. दोन तरुण, त्यातल्या एकाच्या पाठीला लांबट काहीतरी बांधलेलं. आम्ही नाकाबंदी लावली, गोव्याच्या हद्दीजवळ इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर कळवलं. दीड वाजता तिथून उत्तर आलं. दोघे सापडले, पाठीवरचं लांबट म्हणजे मासे गरवायची गळाची काठी. नाक्यावरचा अंमलदार हसू दाबत म्हणाला, “मॅडम, पिशवीत दोन सुरमई आहेत. जप्त करू?”

मी फोन ठेवला आणि दोघांची वेगवेगळी चौकशी सुरू केली. आधी हवालदार.

“चावी कुठे होती?”

“माझ्याकडे होती, मॅडम. खिशात.”

“कुठल्या?”

त्यानं उजवा खिसा चाचपला, मग डावा.

“हवालदार, मी तुमच्या गाडीत बसलेली आहे.”

त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मग म्हणाला, “देवाक होती, मॅडम.”

आमच्या जिल्ह्यात चौकशी करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. माणूस खोटं बोलत असतो तोपर्यंत ऑफिसातली मराठी बोलतो. ती सुटून मालवणी आली की पेन हातात घ्यावं. मी घेतलं.

“कुणाकुणाला ठाऊक होतं?”

“कोणाक म्हायत नाय, ता विचारा. ठाण्यातल्या सगळ्यांक म्हायत. चायवाल्याक म्हायत. माझ्या बायलेक म्हायत.” त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. “मॅडम, एकतीस वर्सां झाली. माझ्या हातसून काठीसुदा हरवूक नाय.”

मग चालक. तो दुखावलेला होता, घाबरलेला नव्हता. “माझ्या देवाक कोण हात लावतलो मॅडम? मी पायातला काढून गाडी पुसतंय. रोज घराकडची जास्वंद घालतंय.”

त्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेत होते. ‘जास्वंद’ लिहिताना माझा हात थांबला. दुपारी गाडीचा पंचनामा मीच केला होता. डॅशबोर्डवरच्या वस्तूंची यादी करताना मी लिहिलं होतं: लाल फूल एक, पांढऱ्या पाकळ्या दोन.

मी उठून गाडीपाशी गेले. लाल जास्वंद तसबिरीच्या पायाशी होती. पांढऱ्या पाकळ्यांतली एक देवाच्या डाव्या खांद्यावर, काचेलाच चिकटलेली होती. दुसरी खाली पडलेली. देवाच्या उजव्या खांद्यावर काचेवर पाण्याचा सुकलेला डाग होता, पाकळीएवढाच.

आमच्या भागात देवाला कौल लावतात, हे तुम्ही मुलांनी फक्त ऐकलं आहे. घरात काही ठरवायचं असेल तर देवळात जायचं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली पाकळी किंवा कळी चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. मी पोलीस भरतीचा अर्ज भरला तेव्हा माझ्या आईनं कौल लावला होता. डावा आला. मी तरी गेले. आई दोन महिने बोलली नाही.

मी चालकाला हाक मारली. “ही पांढरी पाकळी तुम्ही लावलीत?”

त्यानं वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरला. “नाय मॅडम. ह्यो… ह्यो कौल आसा. पोलिसाच्या गाडयेत कौल कोणी लावल्यान?”

चोरी करायची परवानगी चोर देवाकडे मागत नाही. ज्यानं मागितली, तो स्वतःला चोर समजत नव्हता. त्यानं कुलूप पुन्हा लावलं, चावी जागच्या जागी ठेवली. हे सगळं नीटनेटकं काम लपवाछपवीचं नव्हतं, रीतीनं वागणाऱ्या माणसाचं होतं. पण देवाला विचारावं हे त्याच्या मनात आलं कुठून?

मी हवालदाराला पुन्हा बोलावलं. “नीट आठवा. या आठवड्यात तुम्ही कुणाला देवाला विचारायला सांगितलंत?”

हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

“मॅडम, मी मस्करी केलंय.”

दोन दिवसांपूर्वी एक म्हातारे बागायतदार ठाण्याच्या फाटकापाशी भांडायला आले होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत. सूट मिळावी म्हणून अर्ज केलेल्यांपैकी ते एक. ती त्यांची तिसरी खेप होती. “बंदूक माझी, आंबे माझे, आणि वांदर काय सरकारचे रे?” असं ते ओरडत होते, आणि बाहेर चहा पिणारे शिपाई हसत होते. तेव्हा हवालदार त्यांना म्हणाला होता, “तात्यानूं, तुमची बंदूक मॅडमांच्या कुलपात. आमची गाडयेत आसा, चावी देवाक ठेयली. देवाक विचारा नि व्हयी तर घेऊन जावा.”

सगळे खदखदून हसले होते. तात्या हसले नव्हते, हे त्याला आता आठवलं.

चार वाजता आम्ही तात्यांच्या बागेच्या फाटकाशी पोचलो. सायरन लावला नव्हता. फाटकात त्यांची बायको उभी होती. आम्हाला बघून तिनं कपाळाला हात लावला. “बरे इलात! सकाळपासून ती घेऊन बसलोहा. जेवूकसुदा इलो नाय. मी जवळ गेलंय तर म्हणता, सरकारी वस्तू आसा, हात लावू नको!”

बाग उतारावर होती. वर कलमं, खाली जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे पत्र्याची शेड. तिथं बायका आंबे निवडून पेट्या भरत होत्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज वर येत होता. तात्या एका कलमाखाली रिकाम्या पेटीवर बसले होते. रायफल मांडीवर होती आणि नळीचं तोंड उताराकडे. बाजूला गोणपाट आणि आंबे काढायचा झेला पडला होता. रायफल त्यांनी झेल्याच्या काठीबरोबर गोणपाटात गुंडाळून भर रस्त्यानं घरी आणली होती. त्या दिवसांत निम्मं गाव खांद्यावर काठी घेऊन फिरत असतं. कोण बघणार?

ठासणीच्या बंदुकीचे छर्रे पन्नास पावलांत मातीत पडतात. रायफलीची गोळी ती शेड ओलांडून समुद्रापर्यंत जाते. हे तात्यांना ठाऊक नव्हतं. मला आणि हवालदाराला होतं.

मी त्यांच्या बाजूला, नळीच्या मागे राहून, दगडावर बसले. “तात्या, ती खाली ठेवा.”

“बाय, चोरलंय नाय हां. विचारून घेतलंय.”

“कुणाला?”

“देवाक! ह्या हवालदारानच सांगल्यान. बाजारात इलंय तर गाडी समोर उभी. म्हटलंय, देवा, आंबे उतरीपर्यंत दी. उजवो कौल दिल्यान.” त्यांनी हवालदाराकडे बोट दाखवलं. “विचार तेका, सांगल्यान की नाय!”

“सांगलंय, मॅडम,” हवालदार म्हणाला.

“चालवलीत का?”

“चालवूक खंय येता? ह्येका दारू खंयसून ठासतत ताच गावणा नाय. सगळे खटके दाबून, ओढून बगलंय.” ते दस्त्यावर थोपटत म्हणाले. “पण वांदरांक काय म्हायत? खांद्याक लावली काय पळतत. सकाळपासून एक फिरकाक नाय.”

सगळे खटके ओढून बघितले. माझ्या मागून हवालदार पुढे सरकला; मी त्याला हातानं थांबवलं.

मी आवाज चढवला नाही. “आता आम्हाला परत द्या.”

“तुमका कित्याक? तुमी दिलास काय? देवान दिल्यान. देतलंय तर तेकाच देतलंय.”

कायद्याची भाषा मी वापरू शकले असते. तिघं मिळून झडपही घालता आली असती. पण त्यांचं बोट ट्रिगरच्या कडेला फिरत होतं, आणि खाली शेडमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. मी चालकाकडे वळून म्हटलं, “गाडीतला देव घेऊन या.”

तो धावत गेला. तसबीर डॅशबोर्डवरून कशी सोडवली कोण जाणे, पण दोन्ही हातांत धरून, अनवाणी, तो वर आला. मी ती वरच्या बाजूच्या बांधावर, डोंगराकडे ठेवायला सांगितली. आता तात्यांना रायफल देवापुढे ठेवायला उलट वळायला लागणार होतं, आणि नळी शेडकडून डोंगराकडे जाणार होती.

तात्या उठले. वळले. रायफल देवापुढे अलगद ठेवली, हात जोडले आणि पुटपुटले, “सांबाळून ठेव रे म्हाराजा.”

हवालदार पुढे झाला. त्यानं रायफल उचलली, मॅगझिन काढलं आणि नळीत गोळी चढवायचं कॉकिंग हँडल मागे ओढलं. एक जिवंत काडतूस उडून सुक्या पाल्यात पडलं. सेफ्टी उघडीच होती.

हवालदारानं वाकून ते उचललं. तात्यांनी विचारलं, “ता काय?”

“गोळी, तात्या. नळीत होती. तुमचं बोट जरा दाबलं असतं तर त्या शेडमध्ये गेली असती.”

त्यांनी खाली पाहिलं. “थंय माझी सून आसा,” ते म्हणाले, आणि होते तिथेच मातीत बसले. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून समोर धरला.

सहाच्या आधी रायफल ठाण्यात होती. गुन्हा नोंदवला, कारण तो नोंदवावाच लागतो. तात्यांनी जबाबात काही लपवलं नाही, उलट माझी लिहिण्यातली चूक सुधारली, “मोगरो नाय बाय, तगर.” न्यायालयानं त्यांचं वय आणि सरळपणा पाहून समज देऊन सोडलं. परवाना मात्र कायमचा गेला. पुढच्या हंगामात मी त्यांना बागेत बांबू खांद्याला लावून फिरताना पाहिलं. वांदर पहिले काही दिवस पळाले, मग पळेनासे झाले.

अहवालात मी हवालदाराची चूक लिहिली, चालकाची लिहिली, आणि चावी कुठे असते हे मला आधीपासून ठाऊक होतं हेही लिहिलं. वरिष्ठांनी ते वाक्य काढायला सुचवलं. मी काढलं नाही. त्यामुळे दोष एकट्या हवालदारावर गेला नाही. त्याला सौम्य शिक्षा होऊन तो नोकरीत राहिला आणि वर्षभरानं सगळ्यांचा निरोप घेऊन घरी गेला. सेवापुस्तक बिनडागाचं आहे असं मात्र पुन्हा कधी म्हणाला नाही. मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या बढतीच्या पत्रांच्या फाइलमध्ये ती सगळ्यांत वर आहे. माझ्यामागे कपाट आवराल तेव्हा सापडेल.

मोटार विभागानं आठ दिवसांत नवीन कुलूप बसवलं. तीन पत्रांनी ते झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी परत येताना चालक म्हणाला, “मॅडम, गाडी दक्षिणेक तोंड करून उभी होती. सकाळचा ऊन देवाच्या उजव्या अंगाक होता. पाणी सुकला काय फूल पडताच. कौल कसलो?”

तात्यांना हे मी कधी सांगितलं नाही. सांगायला तोंडही नव्हतं. कित्येक महिने रोज संध्याकाळी गाडी परत यायची, रायफल जागेवर असायची, नोंदवहीत सही व्हायची. काही बिघडलं नाही म्हणजे चाललं आहे ते ठीक आहे, असं मी रोज समजत गेले. ते ऊन कुठून येतं आहे, हे मीही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या हजेरीला एक वाक्य वाढवलं, “चावी दाखवा.” हवालदार गळ्यातला काळा दोरा बाहेर काढायचा आणि चावी उचलून धरायचा. चालक जास्वंद घालत राहिला. तसबीर परत डॅशबोर्डवर गेली, पण या वेळी त्यानं ती मागे बोटभरही फट न ठेवता चिकटवली.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. रायफल गाडीत असायची. चावी देवाकडे असायची, कारण ती अंगावर बाळगायचं ओझं आमच्यापैकी कुणालाच नको होतं. मलाही.